भरीत कशावर वाढायचं? एका वस्तूचा जन्मापासून भंगारापर्यंतचा हिशोब

गेल्या हिवाळ्यात आमच्या मळ्यात भरीत पार्टी होती, धरून चाला शंभरेक माणूस, आणि रावेर-यावल भागातल्या कुणाला सांगायला नको की शंभर माणसांचं भरीत म्हणजे काय काम असतं, बामणोदची वांगी आणलेली, बांधावर कपाशीच्या काट्यांचा जाळ, पोरं वांगी उलटीपालटी करून राहिलेली, बाया एकीकडे पुऱ्या लाटताहेत, आणि तेवढ्यात वाद सुरू झाला की वाढायचं कशावर. पुण्यात शिकणारा भाचा कागदी प्लेटांचं बंडल घेऊन आला होता, त्यावर हिरवं पान छापलेलं आणि खाली इकोफ्रेंडली लिहिलेलं. काकू म्हणे गावकीची स्टीलची ताटं आहेत की, ती आणा ट्रॅक्टरमधून. भाऊ म्हणे एवढी केळीची बाग उभी आहे, पानं कापा. पारोळ्याकडून आलेले मामा वैतागून म्हणाले, "पानं शेतस ना, मंग कसाले भांडतस?"

आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी काही वर्षं जळगावला एका पाइपच्या कारखान्यात होतो आणि तिथे हेच काम माझ्या वाट्याला आलं होतं. परदेशातलं एक गिऱ्हाईक पाइप घ्यायच्या आधी विचारायचं की तुमच्या एक टन पाइपमागे वीज किती लागली, प्लॅस्टिकचा दाणा कुठून आला, किती किलोमीटर आला, कुठल्या गाडीने आला, तुटका माल किती निघाला आणि त्याचं काय केलं. मला आधी वाटायचं हे काय चौकशीखोर लोक आहेत. पण सहा महिने ते तक्ते भरले आणि माझी वस्तूंकडे बघायची नजरच बदलली, ती अजून तशीच आहे. त्या हिशोबाला लाइफ सायकल असेसमेंट म्हणतात, थोडक्यात एलसीए. मराठीत जीवनचक्र मूल्यमापन वगैरे म्हणता येईल पण मी आपला जन्मापासून भंगारापर्यंतचा हिशोब म्हणतो.

कल्पना एकदम साधी आहे. कुठलीही वस्तू आपल्या हातात येते तेव्हा तिचं अर्धं आयुष्य झालेलं असतं. त्याआधी खाण, शेत, कारखाना, ट्रक, गोडाऊन, आणि आपल्या हातून गेल्यावर धुणं, दुरुस्ती, भंगारवाला, उकिरडा किंवा जाळ. या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी आत जातं (पाणी, वीज, डिझेल, माती, खनिज) आणि काहीतरी बाहेर पडतं (धूर, सांडपाणी, कचरा). हे सगळं मांडायचं, बेरीज करायची, आणि मग बोलायचं की ही वस्तू बरी की ती. नुसतं हातात धरून, ही कागदाची दिसते म्हणजे चांगली, ही प्लॅस्टिकची म्हणजे वाईट, असं नाही.

हे काही काल निघालेलं खूळ नाही बरं का. १९६९ मध्ये कोकाकोलाने अमेरिकेतल्या मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडून असा अभ्यास करून घेतला होता, पेय कशात भरावं, काचेच्या बाटलीत की डब्यात की प्लॅस्टिकमध्ये, कशाला किती कच्चा माल आणि ऊर्जा लागते आणि कचरा किती होतो. अशा अभ्यासांची सुरुवात तिथून धरतात. नंतर जो तो आपापल्या सोयीने हिशोब करायला लागला, प्रत्येकाचीच वस्तू पहिली यायची, म्हणून १९९७ ला आयएसओ १४०४० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि २००६ ला ते सुधारून सोबत १४०४४ आलं. त्यात चार पायऱ्या सांगितल्यात: आधी कशासाठी आणि कुठपर्यंत मोजायचं ते ठरवा, मग आत-बाहेर काय जातं त्याची यादी करा, मग त्या यादीचा निसर्गावर परिणाम काय होतो ते काढा, आणि शेवटी त्यातून अर्थ लावा, अर्थ लावताना मागे जाऊन पुन्हा तपासा. पायऱ्या वाचायला सोप्या आहेत, खरी गंमत पहिलीतच आहे, लोक तिथेच चुकतात.

म्हणजे बघा, एक कागदी प्लेट आणि एक स्टीलचं ताट यांची तुलना करायचीच नाही. ती तुलनाच चूक आहे. आपल्याला प्लेट नको आहे, आपल्याला शंभर माणसं जेवून उठायला हवी आहेत. मग प्रश्न असा मांडायचा की शंभर माणसांच्या एका जेवणासाठी कशाला किती खर्च येतो. याला फंक्शनल युनिट म्हणतात, मी त्याला काम म्हणतो. वस्तू नाही मोजायची, काम मोजायचं. हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्म्या जाहिराती आपोआप पोकळ वाटायला लागतात.

मी तिथेच खाटेवर बसून भाच्याच्या फोनवर ढोबळ आकडेमोड केली, तुम्हीही करून बघा. कागदी प्लेट दहा ग्रॅमची धरू, शंभर प्लेटा म्हणजे एक किलो कागद. कागद बनवताना किलोमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड धरू. स्टीलचं ताट तीनशे ग्रॅमचं, शंभर ताटं तीस किलो, आणि स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम-निकेल असल्यामुळे साध्या लोखंडापेक्षा जास्त लागतं म्हणून किलोमागे तीन किलो धरू, म्हणजे नव्वद किलो. आता एका पंगतीपुरतं बघितलं तर कागद एक, स्टील नव्वद, कागद जिंकला. भाचा खूश. पण ताटं काय एकदा जेवून फेकतो का आपण? साधारण नव्वद पंगती झाल्या की दोघांची बरोबरी होते, त्याच्या पुढची प्रत्येक पंगत स्टीलला जवळजवळ फुकट, फक्त धुण्याचं पाणी. ते पण काढलं, ताटाला दोन लिटर धरले तर दोनशे लिटर, शंभर मीटर खोलीवरून उपसायला साधारण ०.१२ युनिट वीज लागते, म्हणजे ऐंशीएक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. गरम पाण्याने धुवायला लागलात तर मात्र हा आकडा पटकन वाढतो, आपल्याकडे शेतात कोण गरम पाण्याने धुतं म्हणा.

आता यातली खरी गोष्ट ऐका. ती गावकीची ताटं आहेत ना, ती लग्न, बारसं, उत्तरकार्य, सप्ताह, सगळीकडे फिरतात, वर्षाला तीस-चाळीस पंगती सहज होतात, म्हणजे अडीच-तीन वर्षांत त्यांनी स्वतःला फेडलं आणि पुढे वीस वर्षं चालू. पण त्याच तऱ्हेची शंभर ताटं कुणी हौसेने घरासाठी विकत घेतली आणि वर्षातून दोनदा काढली तर फेडायला पंचेचाळीस वर्षं लागतील. स्टील तेच, ताट तेच, कारखाना तोच, उत्तर उलटं. सगळा फरक वाटून वापरण्याचा. आपल्या वाडवडिलांनी गावात सामायिक भांडी का ठेवली त्याचं कारण पैसा होतं हे मला माहीत आहे, पण हिशोबाच्या बाजूने बघितलं तरी इतकी पक्की पद्धत मला दुसरी दिसलेली नाही आणि ती आता प्लेटांच्या बंडलांपुढे मागे पडतेय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि केळीचं पान? ते बिनखर्ची आहे असं भाऊ म्हणाला, तर तिथेही थांबून विचारायचं, कुठल्या झाडाचं? घड भरत असलेल्या झाडाला दहा-बारा चांगली पानं लागतात, ती कापली तर घडाचं वजन कमी येणार, म्हणजे त्या पानाला खत-पाणी-विजेचा वाटा लागला. पण घड काढून झालेल्या झाडाचं पान असेल तर ते खोडासकट तसंही बांधावर पडणार होतं, त्याचा खर्च घडावर आधीच टाकून झालाय, मग ते पान खरंच जवळजवळ फुकट. फक्त करपा रोगाने डागाळलेलं नको. तर मामा बरोबरच होते, पण बाग कुठली ते बघून.

या सगळ्यात कुठून कुठपर्यंत मोजायचं हा प्रश्न लपलेला आहे. हद्द ठरवणं म्हणतात त्याला. कारखान्याच्या गेटपर्यंत मोजलं तर एक उत्तर, उकिरड्यापर्यंत मोजलं तर दुसरं. कागदी प्लेटला बहुतेकदा आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तेल-रस्सा झिरपू नये म्हणून, त्यामुळे ती ना नीट कुजते ना रद्दीवाला घेते. गेटपर्यंत मोजणाऱ्याला हा पापुद्रा काही ग्रॅमचा दिसतो, पण शेताच्या कडेला तो जळतो तेव्हा आपणच तो धूर खातो. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटांवर २०१८ ला बंदी आली, देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या प्लेटा-पेले १ जुलै २०२२ पासून बंद झाले, आणि लोक कागदाकडे वळले, पण कागदाच्या आत काय आहे हे कोण उलटून बघतं.

आता कापडी पिशवीचं उदाहरण सांगतो, कारण आपण कापसाच्या मुलखातले. प्लॅस्टिकची नको, कापडी घ्या, हे आपण सगळे म्हणतो, मीही म्हणतो. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा असाच हिशोब मांडला. त्यात आलं की तिथल्या दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला साधी सुती पिशवी फक्त हवामानबदलाच्या दृष्टीने किमान ५२ वेळा वापरायला हवी, आणि सगळे निकष एकत्र धरले तर ७१०० वेळा. ७१०० हा आकडा जगभर फिरला, कापडी पिशवी ढोंग आहे म्हणून लोकांनी शेअर केला. पण त्यात एक मेख आहे, त्या अभ्यासात अनेक निकष होते आणि सगळ्यात वाईट जो येईल तो आकडा धरला होता, सुती पिशवीच्या बाबतीत तो ओझोन थराचा होता, तो एकटाच आकडा एवढा वर नेतो. आणि समुद्रात, नाल्यात, गायीच्या पोटात जाणारं प्लॅस्टिक या हिशोबात नव्हतंच. त्याआधी २०११ ला इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने असंच काढलं होतं तेव्हा सुती पिशवीचा आकडा १३१ वेळा आला होता. मग ५२, १३१, ७१०० यातलं खरं कुठलं? तिन्ही आपापल्या प्रश्नाची खरी उत्तरं आहेत. प्रश्न न वाचता उत्तर शेअर केलं की घोळ होतो. मी आईच्या जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी वापरतो, तिला तर नवीन कापूस लागलाच नाही, तिचा हिशोब यातल्या एकाही आकड्यात बसत नाही.

कापसावरून आठवलं, या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न मला जिनिंगमध्ये कळला. क्विंटलभर कपाशी जिनिंगला गेली की साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल निघतं, ढेप निघते, ढेप म्हैस खाते, म्हैस दूध देते, आणि शेतात उरलेल्या काट्यांवर आपण वांगी भाजतो. आता सांगा, कपाशीला टाकलेल्या युरियाचं, फवारणीचं, पाण्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर किती टाकायचं? वजनाने वाटलं तर दोन तृतीयांश ओझं सरकीवर जाईल आणि तुमचा सुती शर्ट एकदम हलका दिसेल, दूध जड दिसेल. पैशाने वाटलं तर रुई महाग असते म्हणून दोन तृतीयांशाच्या आसपास ओझं रुईवर येईल आणि दूध हलकं. शेत तेच, कपाशी तीच. याला ॲलोकेशन म्हणतात, आपल्या भाषेत वाटणी, आणि भाऊबंदकीच्या वाटणीसारखंच इथेही कुठल्या पद्धतीने वाटलं ते उघड लिहावं लागतं, नाहीतर भांडण मिटत नाही. मानकात तर असं आहे की जमत असेल तर वाटणी टाळाच, टाळता येत नसेल तर मग वजन किंवा दुसरं असंच काही भौतिक नातं धरा, तेही जमत नसेल तर मग पैसा.

काट्यांचं विचाराल तर त्या जाळाच्या धुरात जो कार्बन होता तो त्याच हंगामात झाडाने हवेतून घेतलेला होता, म्हणून तो हवामानाच्या खात्यात सहसा वेगळा लिहितात, कोळशासारखा धरत नाहीत. पण धूर तो धूरच, चुलीजवळ बसलेल्या बाईच्या छातीच्या खात्यात तो पूर्ण धरावा लागतो. हेच मला या पद्धतीत आवडतं, एकच खातं नसतं. हवामान, पाणी, हवेतला धूर, माती, माणसाची तब्येत, जमीन, खनिज, सगळ्यांची वेगळी पानं.

आता आपल्या केळीवर येऊ, कारण हे मी जरा जास्त वेळ बसून काढलंय. एक एकर बाग, पंधराशे झाडं, झाडाला वीस किलोचा घड, म्हणजे तीस टन माल. आकडे तुमच्या बागेचे वेगळे असतील, लागवडीच्या हंगामाप्रमाणे म्हणजे मृगबाग आणि कांदेबागेत फरक पडेल, पण पद्धत बघा.

पाणी आधी. उन्हाळ्यात झाडाला ठिबकने रोज वीस लिटर म्हटलं तर एकराला रोज तीस हजार लिटर. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशोबाने पाव युनिटच्या थोडी जास्त वीज लागते, पण आपले पंप, पाइप, व्होल्टेज बघता निम्मीअधिक वीज वाया जाते, म्हणून साधारण पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी, ०.६ धरू. म्हणजे रोज अठरा युनिट. देशातल्या वीजजाळ्यातल्या एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण बरीचशी वीज अजून कोळशावरची, आमच्या दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनही दिसतात. तर रोज साडेबारा किलो, वर्षातले दोनशे दिवस मोटर चालली तर अडीच टन. तीस टन केळीवर वाटलं तर किलोमागे ८०-८५ ग्रॅम.

मग युरिया. हे लोकांना माहीत नसतं आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं असतं. युरियाची गोण ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे वीसएक किलो नत्र. जमिनीत पडल्यावर त्यातलं साधारण एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, असा हवामान अभ्यासाचा ढोबळ नियम आहे. एक टक्का म्हणजे किती, पण हा वायू वजनाला वजन घेतला तर कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा आहे. एका गोणीमागे नायट्रस ऑक्साइड तीनशेसव्वातीनशे ग्रॅम, त्याचा परिणाम नव्वदेक किलो कार्बन डायऑक्साइडइतका, आणि युरिया विरघळताना स्वतः सोडतो तो तीसेक किलो वेगळा. एका गोणीला सव्वाशे किलोच्या आसपास, तेही नुसतं शेतात, कारखान्यात नैसर्गिक वायू जाळून युरिया बनवला ते अजून धरलंच नाही. झाडाला दोनशे ग्रॅम नत्र म्हटलं तर एकराला चौदा-साडेचौदा गोण्या होतात, किलो केळीमागे साठेक ग्रॅम. धूर नाही, वास नाही, डोळ्याला काही दिसत नाही, आणि मोटरच्या जवळपास ओझं.

मग ट्रक. रावेरहून दिल्ली धरा बाराशे किलोमीटर, लिटरला चार किलोमीटर, तीनशे लिटर डिझेल, लिटरमागे पावणेतीन किलोच्या जरा आत कार्बन डायऑक्साइड, आठशे किलो झालं, गाडीत सोळा टन माल, किलोमागे पन्नास ग्रॅम. गाडी रिकामी परत आली तर परतीचा वाटाही केळीच्याच डोक्यावर. एकेकाळी सावदा, निंभोरा, रावेरच्या स्टेशनांवरून केळीच्या वॅगनी भरून दिल्लीकडे जायच्या, रेल्वेने टनामागे किलोमीटरला लागणारी ऊर्जा ट्रकच्या मानाने कितीतरी कमी असते, हा भाग तेव्हा नकळत हलका होता.

म्हणजे पंप ऐंशी, युरिया साठ, ट्रक पन्नास. मी हे काढायच्या आधी कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून ट्रक म्हणालो असतो, कारण ट्रकचा धूर दिसतो. या शोधाला हॉटस्पॉट शोधणं म्हणतात, ओझं नेमकं कुठे साठलंय ते बघायचं आणि तिथे हात घालायचा.

आणि अजून एक टप्पा राहिला, सगळ्यात जिव्हारी लागणारा. पिकवणीत, हातगाडीवर, घरात मिळून चार केळ्यांतलं एक सडलं असं धरा. मग पोटात गेलेल्या तीन केळ्यांना चार केळ्यांचं ओझं उचलायचं आहे. किलोमागे दोनशेच्या आसपास होतं ते अडीचशेच्या वर गेलं. एकही मोटर जास्त चालली नाही, एकही गोणी जास्त पडली नाही, फक्त फेकल्यामुळे एक तृतीयांश वाढ. घडाला घातलेली स्कर्टिंग बॅग, पुठ्ठ्याचं खोकं, दांड्यावरून घड अलगद आणायची व्यवस्था, यांचंही ओझं आहे, पण त्यांच्यामुळे दहा केळ्यांतलं एक जरी वाचत असेल तर ती ओझी बहुतेकदा फिटतात. पॅकिंग म्हणजे नुसता कचरा असं म्हणणाऱ्यांनी हा भाग नक्की करून बघावा.

आता सोलर पंप लावला तर? खूप जणांनी लावलेत. जगभरच्या हवामान शास्त्रज्ञांच्या समितीने २०१४ ला जे मधले आकडे दिले त्यात कोळशाची वीज जन्मापासून शेवटपर्यंत धरून युनिटमागे ८२० ग्रॅम, सौर ४० ते ५०. शून्य नाही, कारण पॅनलची काच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन भट्टीत तापवायलाच वीज लागली, पण फरक केवढा बघा. पंपाचे ८० ग्रॅम सहज पाचसहावर येतील. मग प्रश्न सुटला का, तर हवामानाच्या पानावर सुटला आणि पाण्याच्या पानावर नवीन उभा राहिला, कारण ऊन फुकट आहे म्हणून मोटर दिवसभर चालू राहिली तर पाणी अजून खाली जाणार. याला ओझं सरकवणं म्हणतात, एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर. एलसीएचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो की सरकलेलं ओझं दिसतं.

पाण्याचंही असं आहे की कोकणातला एक लिटर आणि सातपुड्याच्या पायथ्याचा एक लिटर सारखा नाही. जिथे पाऊस भरपूर, वापर कमी, तिथल्या लिटरला कमी वजन, जिथे पाणी खोल चाललंय तिथल्या लिटरला जास्त, असं गुणून मोजायच्या पद्धती आता आहेत. आमच्या वडिलांनी विहिरीवर मोटर बसवली तेव्हा पाणी वरून दिसायचं, आज तिथेच तीनशे-साडेतीनशे फुटांवरून ओढतोय. हा फरक नुसत्या लिटरच्या बेरजेत कधीच दिसणार नाही.

ठिबकचं शेवटी सांगतो कारण माझ्या जवळचा विषय. जळगावला जैन इरिगेशनमुळे ठिबक घराघरात माहीत आहे. नळी प्लॅस्टिकची, पेट्रोलियमपासून बनलेली, म्हणून एखादा शहरातला माणूस म्हणेल की शेतात प्लॅस्टिक घालताय. पण काम मोजा. मोकाट पाण्यापेक्षा बरंच पाणी वाचतं, पाणी वाचलं की उपसायची वीज वाचते, खत नळीतून थोडं थोडं दिलं की युरिया कमी लागतो आणि तो नायट्रस ऑक्साइडही घटतो. नळी बनवतानाचं ओझं याच्यापुढे लहान पडतं. मात्र एका अटीवर, नळी आपलं आयुष्य पूर्ण करून भंगारवाल्याकडे गेली पाहिजे. भंगारवाला किलोने घेतो, त्याचा पुन्हा दाणा होतो. गुंडाळायचा कंटाळा म्हणून बांधावर पेटवली तर शेवटचं पान काळंच.

म्हणून कुठे इकोफ्रेंडली, ग्रीन, कार्बन न्यूट्रल लिहिलेलं दिसलं की मी दुकानदाराशी भांडत नाही, मनात तीन-चार गोष्टी विचारतो. कशाच्या तुलनेत? कुठल्या कामासाठी, आणि ते काम किती वेळा? कुठून कुठपर्यंत मोजलं, आणि कुठलं पान दाखवलं, कुठलं लपवलं? दोन वस्तूंची जाहीर तुलना करून ही चांगली ती वाईट म्हणायचं असेल तर मानकात बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यायची अट आहे, तशी तपासणी झाली का हेही बघतो. भाच्याच्या बंडलावर यातलं काही नव्हतं, फक्त हिरवं पान होतं.

त्या दिवशी मग ट्रॅक्टर गेला, ताटं आली, आणि म्हाताऱ्या माणसांनी हट्टाने पानावरच जेवण केलं, घड काढलेल्या बाजूची पानं भावाने स्वतः कापून आणली. बंडल भाच्याने परत नेलं, एकदा विकत घेतलंय तर फेकण्यापेक्षा होस्टेलवर वापरतो म्हणाला, तेही हिशोबाने बरोबरच.

माझ्या वरच्या आकड्यांत सगळ्यात कच्चा आकडा पंपाचा आहे. आमच्या मोटरला मीटर नाही, बिल हॉर्सपॉवरवर येतं, त्यामुळे अठरा युनिट हे गणितातून आलेलं, मोजलेलं नाही. म्हणून पार्टीनंतर भावाने स्टार्टरच्या पेटीत एक दोनशे पानी वही आणि दोरीला पेन बांधून ठेवलंय. लाइट कधी आली, मोटर कधी चालू झाली, कधी बंद केली, पाणी कुठल्या वाफ्याला गेलं, युरिया कधी सोडला, किती. पहिले आठ दिवस त्याने लिहिलं, मग वहिनी लिहायला लागली कारण रात्रपाळीच्या लाइटला बऱ्याचदा तीच जागी असते. काल तिने पानाचा फोटो पाठवला: रात्री १०.४० ला आली, १.१५ ला गेली, २.०५ ला परत आली, पहाटे ६ पर्यंत, खालची बाजू पूर्ण, वरची अर्धी राहिली.